फाईल आहे, पण सापडत नाही

लाटेकमध्ये नवी क्लास फाईल बसवताना नेमके काय घडते?

आमच्या प्रयोगशाळेतील एका विद्यार्थिनीचा पीएच.डी.चा प्रबंध विद्यापीठाच्या कार्यालयातून परत आला. त्यातल्या शास्त्रात काही चूक नव्हती. टेबलावरच्या लिपिकाने पट्टी लावून डाव्या बाजूचा समास मोजला. तो ३० मिलिमीटर भरला. बदललेल्या नियमाप्रमाणे तो ४० मिलिमीटर हवा होता. नियम बदलल्याचे तिला ठाऊक होते. नव्या नियमाप्रमाणे तयार केलेली क्लास फाईल तिने उतरवून घेतली होती आणि संगणकात योग्य त्या जागी ठेवलीही होती. "सर, मी फाईल बदलली आहे," असे ती पुन्हा पुन्हा सांगत होती, आणि ते अगदी खरे होते. तरीही पानावर जुनाच समास उमटला होता. पाच प्रती छापून, बांधून झाल्या होत्या, आणि मुदत संपायला दोन दिवस उरले होते.

नव्याने लाटेक शिकणाऱ्यांची तक्रार नेमकी याच्या उलट असते. ते क्लास फाईल संगणकात ठेवतात, ती डोळ्यांनी दिसते, पण आज्ञावली मात्र 'फाईल सापडली नाही' असे सांगून थांबते. एकीकडे बदललेली फाईल वापरली जात नाही, दुसरीकडे ठेवलेली फाईल सापडत नाही. वरवर पाहता या दोन वेगळ्या अडचणी वाटतात, पण दोन्हींच्या मुळाशी एकच प्रश्न आहे: आपण नाव सांगितल्यावर संगणक ती फाईल कुठे आणि कोणत्या क्रमाने शोधतो? हे एकदा समजले की क्लास फाईल बसवणे म्हणजे पाच मिनिटांचे काम. समजले नाही, तर बांधलेल्या प्रती परत येतात.

मजकूर वेगळा, मांडणी वेगळी

आधी थोडी पार्श्वभूमी पाहू या. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठातले संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड क्नुथ यांच्या 'द आर्ट ऑफ कॉम्प्युटर प्रोग्रॅमिंग' या ग्रंथमालेच्या दुसऱ्या खंडाची नवी आवृत्ती १९७७ मध्ये छपाईसाठी तयार होत होती. पहिली आवृत्ती धातूच्या खिळ्यांनी जुळवलेली होती. मधल्या काळात ते तंत्र मागे पडून प्रकाशाच्या साहाय्याने अक्षरजुळणी होऊ लागली होती. नव्या पद्धतीची मुद्रिते पाहून क्नुथ यांची निराशा झाली. गणिताची सूत्रे नीट दिसत नव्हती. मग अक्षरजुळणीची आज्ञावली स्वतःच लिहायची असे त्यांनी ठरवले. काम वर्षभरात आटोपेल अशी त्यांची कल्पना होती, प्रत्यक्षात त्यात सुमारे दहा वर्षे गेली. या आज्ञावलीचे नाव टेक. ते तीन ग्रीक अक्षरांपासून बनलेले आहे. शेवटचे अक्षर रोमन लिपीतल्या 'एक्स'सारखे दिसते, पण उच्चार 'क' आणि 'ख' यांच्या जवळचा होतो.

टेक अत्यंत काटेकोर आहे, पण वापरायला सोपी नाही. १९८० च्या दशकाच्या पूर्वार्धात लेस्ली लॅम्पोर्ट यांनी तिच्यावर आज्ञांचा एक संच रचला, तो म्हणजे लाटेक. लॅम्पोर्ट यांचा मुख्य विचार साधा होता. लेखकाने 'हे प्रकरणाचे शीर्षक', 'हा परिच्छेद', 'ही तळटीप' एवढेच सांगावे. शीर्षक किती ठळक, समास किती रुंद, पृष्ठांक वर की खाली, हे दुसरीकडे एकदाच लिहून ठेवावे.

हे 'दुसरीकडे' म्हणजेच क्लास फाईल. क्लास म्हणजे इथे इयत्ता नव्हे आणि शिकवणीही नव्हे. क्लास म्हणजे दस्तऐवजाचा प्रकार: लेख, पुस्तक, अहवाल, पत्र, प्रबंध, प्रश्नपत्रिका. लाटेकच्या प्रत्येक दस्तऐवजाच्या सुरुवातीला 'डॉक्युमेंटक्लास' ही आज्ञा येते आणि तिच्यापुढे महिरपी कंसात क्लासचे नाव असते. १९९४ मध्ये लाटेकची जी आवृत्ती आली, तिच्यात ही रचना पक्की झाली. त्याआधी 'डॉक्युमेंटस्टाइल' अशी आज्ञा होती आणि सगळ्याच साहाय्यक फाइलींच्या नावाअंती एस, टी, वाय ही अक्षरे असत. १९९४ पासून दस्तऐवजाचा प्रकार ठरवणाऱ्या फाइलींना सी, एल, एस हे शेपूट मिळाले. एस, टी, वाय हे शेपूट कोणत्याही प्रकाराला जोडता येणाऱ्या पुरवण्यांसाठी उरले.

लाटेकबरोबर 'आर्टिकल', 'रिपोर्ट', 'बुक', 'लेटर' असे काही क्लास मिळतातच. पण संस्था आपापले क्लास तयार करतात. अमेरिकन फिजिकल सोसायटीचा 'रेव्हटेक' आहे, विद्युत अभियंत्यांच्या आयईईई या संस्थेचा 'आयईईईट्रॅन' आहे. एल्सेव्हिअर या प्रकाशनसंस्थेच्या नियतकालिकांसाठीचा 'एल्सआर्टिकल' तर तिरुअनंतपुरमच्या सी. व्ही. राधाकृष्णन यांच्या हातून तयार झाला. असा बाहेरून आलेला किंवा स्वतः बनवलेला क्लास संगणकात बसवायचा, हा आपला आजचा विषय.

क्लास फाईलमध्ये असते काय?

क्लास फाईल म्हणजे काही गूढ यंत्रसंकेत नव्हे. ती साध्या मजकुराची फाईल असते, कोणत्याही मजकूर-संपादकात उघडून वाचता येते. तिचे साधारण चार भाग असतात.

पहिल्या भागात ओळख असते: मला लाटेकची कोणती आवृत्ती लागते, माझे नाव काय, माझी तारीख कोणती. दुसऱ्या भागात पर्याय असतात, उदाहरणार्थ अक्षराचा आकार १०, ११ की १२ पॉइंट, एका बाजूला छपाई की दोन्ही. तिसऱ्या भागात बहुधा एखादा तयार क्लास पाया म्हणून बोलावलेला असतो. सगळे पहिल्यापासून लिहिण्यापेक्षा 'आर्टिकल'वर आपले बदल चढवणे सोपे. चौथ्या भागात हे बदल असतात.

समजा, तुमच्या शाळेत दर चाचणीला सात-आठ शिक्षक प्रश्नपत्रिका करतात. कुणी शाळेचे नाव मध्यभागी लिहितो, कुणी डावीकडे, गुण कधी कंसात तर कधी ओळीच्या शेवटी. 'शाळा' नावाचा एक क्लास केला, त्यात शीर्षभाग, वेळ, एकूण गुण आणि उजव्या कडेला येणारे प्रश्नाचे गुण यांची मांडणी एकदा लिहिली, की शिक्षकांनी फक्त प्रश्न लिहायचे. 'आर्टिकल' हा क्लास मुळात अमेरिकेतला 'लेटर' आकाराचा कागद गृहीत धरतो, म्हणजे सुमारे २१६ बाय २७९ मिलिमीटर. आपल्याकडचा ए-४ कागद २१० बाय २९७ मिलिमीटरचा असतो. हा फरकही क्लासमध्ये एकदाच सांगून टाकता येतो.

मराठीची सोयही त्याच ठिकाणी करता येते. १९९१ मध्ये नेदरलँड्समधील ग्रोनिंगन विद्यापीठातील फ्रान्स वेल्टहाउस यांनी टेकसाठी देवनागरी अक्षरे तयार केली. तेव्हा मजकूर रोमन लिपीत टाइप करून आधी दुसऱ्या एका आज्ञावलीतून काढावा लागे. २००४ मध्ये जोनाथन क्यू यांची 'झीटेक' आली. ती युनिकोड मजकूर थेट स्वीकारते, त्यामुळे आज आपण मराठी जशी टाइप करतो तशीच ती चालते. आयआयटी मुंबईने संस्कृत ग्रंथांच्या गरजा लक्षात घेऊन तयार केलेला 'शोभिका' हा टंक मुक्तपणे उपलब्ध आहे. क्लासमध्ये तो एकदा नेमून दिला की प्रश्न लिहिणाऱ्याला टंकाचा विचार करावा लागत नाही.

शोध कुठे घेतला जातो?

आता मूळ प्रश्नाकडे वळू. दस्तऐवजात 'शाळा' असे नाव लिहिले की लाटेक त्या नावाच्या क्लास फाईलची मागणी करते. ती फाईल कुठे आहे हे आपण सांगितलेले नसते. मग ती शोधायची कुणी?

शाळेतल्या एका शिपाईदादांची कल्पना करा. तुम्ही त्यांना एका पुस्तकाचे नाव सांगितले. ते आधी तुमच्या समोरचे टेबल पाहतात. तिथे नसेल तर शिक्षक-खोलीतले तुमचे स्वतःचे कपाट उघडतात. तिथेही नसेल तर शाळेचे सामायिक कपाट, आणि सर्वांत शेवटी मुख्य ग्रंथालय. पुस्तक जिथे पहिल्यांदा मिळेल तिथून ते उचलतात आणि पुढचा शोध थांबवतात.

लाटेकचा शोध असाच चालतो. टेबल म्हणजे ज्या फोल्डरात आपण काम करत आहोत ते. स्वतःचे कपाट म्हणजे संगणकावरील आपल्या खात्यातले 'टेक्सएमएफ' नावाचे फोल्डर. सामायिक कपाट म्हणजे त्या संगणकावरील सर्व वापरकर्त्यांसाठी राखलेले 'टेक्सएमएफ-लोकल'. मुख्य ग्रंथालय म्हणजे आज्ञावलीबरोबर आलेला मूळ संग्रह, 'टेक्सएमएफ-डिस्ट'. फोल्डरांची ही नावे प्रत्यक्षात रोमन लिपीत, लहान अक्षरांत टाइप करायची असतात आणि त्यात 'एक्स' असतो. इथे ती उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत.

यात एक खाचखळगा आहे. 'टेक लाइव्ह' हा टेकचा सर्वत्र वापरला जाणारा संग्रह आहे. १९९६ पासून त्याच्या आवृत्त्या निघत आहेत. त्याची संपूर्ण प्रत बसवली तर एक लाखाहून अधिक फाइली येतात. प्रत्येक वेळी सगळी फोल्डरे उघडून पाहायची तर एका पानाच्या लेखालाही फार वेळ लागेल. म्हणून सामायिक कपाट आणि मुख्य ग्रंथालय यांच्यासाठी दाखल नोंदवही ठेवलेली असते. 'एलएस-आर' नावाच्या फाईलमध्ये कोणत्या फोल्डरात कोणत्या फाइली आहेत, याची यादी असते. शोध घेणारा भाग फोल्डर उघडतच नाही, तो फक्त यादी वाचतो. पुस्तक कपाटात ठेवले, पण नोंदवहीत चढवले नाही, तर उत्तर 'नाही' असेच येणार. 'फाईल सापडली नाही' या संदेशाचा अर्थ 'फाईल अस्तित्वात नाही' असा नसून 'मी जिथे पाहतो तिथे नाही' किंवा 'माझ्या यादीत नाही' असा आहे. स्वतःच्या कपाटात फाइली थोड्या असतात, म्हणून टेक लाइव्ह तिथे यादीवर अवलंबून न राहता प्रत्यक्ष डोकावते.

कपाटातल्या खणांनाही महत्त्व आहे. पूर्वी प्रत्येक संगणकावर टेकच्या फाइलींची मांडणी वेगवेगळी असे. १९९० च्या दशकात टेक वापरणाऱ्यांच्या संघटनेने एक समान रचना आखली. 'टेक्सएमएफ'च्या आत 'टेक्स', 'फॉन्ट्स', 'डॉक', 'बिबटेक्स' असे खण असतात. क्लास फाईलचा शोध फक्त 'टेक्स' या खणात होतो. संदर्भसूचीची मांडणी ठरवणारी, बी, एस, टी या अक्षरांनी संपणारी फाईल 'बिबटेक्स'मधल्या 'बीएसटी' खणात जाते. गणिताचे पुस्तक भूगोलाच्या खणात ठेवावे तशी फाईल चुकीच्या खणात ठेवली, तर ती असून नसल्यासारखीच.

बसवण्याच्या पायऱ्या

एकाच दस्तऐवजासाठी क्लास हवा असेल तर तो त्या दस्तऐवजाशेजारी, त्याच फोल्डरात ठेवावा. एवढे पुरते. ओव्हरलीफसारख्या जालावरील सेवेतही फाईल आपल्या प्रकल्पात चढवली की काम होते. वारंवार वापरायचा क्लास मात्र स्वतःच्या कपाटात बसवावा. तो असा:

१. स्वतःचे 'टेक्सएमएफ' कुठे असायला हवे ते पाहा. टेक लाइव्हमध्ये विंडोज व लिनक्सवर ते बहुधा आपल्या खात्याच्या मूळ फोल्डरात असते, मॅकवर 'लायब्ररी' या फोल्डरात. ते आधीपासून तयार नसते, आपणच करायचे.

२. त्यात 'टेक्स', त्याच्या आत 'लेटेक्स', आणि त्याच्या आत आपल्या क्लासच्या नावाचे फोल्डर करा. क्लास फाईल या सर्वांत आतल्या फोल्डरात ठेवा.

३. टेक लाइव्हमध्ये स्वतःच्या कपाटासाठी एवढे पुरे. फाईल सामायिक कपाटात ठेवली असेल तर 'एमकेटेक्सएलएसआर' ही आज्ञा देऊन नोंदवही ताजी करा. त्यासाठी संगणकाच्या व्यवस्थापकाचे अधिकार लागतात. विंडोजवर 'मिकटेक' वापरत असाल, तर त्याच्या नियंत्रणपटलात आधी आपल्या 'टेक्सएमएफ' फोल्डराची नोंद करावी लागते आणि मग फाइलींच्या नावांची यादी ताजी करण्याचा पर्याय निवडावा लागतो.

४. खात्री करून घ्या. टेक लाइव्हमध्ये 'केपीएसईविच' नावाची एक छोटी आज्ञा आहे. तिच्यापुढे क्लास फाईलचे पूर्ण नाव लिहिले की लाटेक कोणती फाईल उचलेल, तिचा संपूर्ण पत्ता पडद्यावर येतो. काहीच उमटले नाही, तर फाईल सापडलेली नाही.

ही चौथी पायरी बहुतेक जण गाळतात. प्रयोगात द्रावण घातल्यावर निर्देशकाचा रंग न पाहताच उत्तर लिहावे, तसे ते आहे.

नेहमीचे घोटाळे

अनेकदा उतरवून घेतलेल्या गाठोड्यात क्लास फाईल दिसतच नाही. डी, टी, एक्स आणि आय, एन, एस अशा शेपटांच्या दोन फाइली असतात. पहिलीत क्लास आणि त्याचे स्पष्टीकरण एकत्र गुंफलेले असते, दुसरी ते सोडवून देते. दुसऱ्या फाईलवर लाटेक चालवली की क्लास फाईल तयार होते. ती तयार झाल्यावर बसवायची.

विंडोजमध्ये नोटपॅडने फाईल साठवताना नावाला नकळत 'टीएक्सटी' हे आणखी एक शेपूट लागते आणि विंडोज ते लपवते. नाव बरोबर दिसते, पण असते चुकीचे. लपवलेली शेपटे दाखवण्याचा पर्याय आधी सुरू करावा.

रोमन लिपीतली मोठी आणि लहान अक्षरे लिनक्सला वेगळी वाटतात, विंडोजला सहसा वाटत नाहीत. त्यामुळे घरच्या विंडोज संगणकावर चालणारा दस्तऐवज दुसरीकडच्या लिनक्सवर अडतो. क्लासचे नाव सगळे लहान अक्षरांत ठेवले की हा प्रश्न उरत नाही.

सर्वांत वाईट सवय म्हणजे मुख्य ग्रंथालयातील 'आर्टिकल' फाईल उघडून तिच्यातच बदल करणे. पुढच्या वेळी संग्रह अद्ययावत केला की तो बदल पुसला जाण्याची शक्यता असते. त्याहून मोठे नुकसान असे की आता जगात 'आर्टिकल' या एकाच नावाच्या दोन वस्तू झाल्या. तुमचा लेख दुसऱ्याच्या संगणकावर वेगळा दिसेल, आणि का ते कुणालाच कळणार नाही. म्हणून प्रत काढा, तिला नवे नाव द्या आणि ती आपल्या कपाटात ठेवा.

समास का बदलला नाही?

आता त्या विद्यार्थिनीच्या प्रबंधाचे कोडे सुटते का पाहा. तिने नवी क्लास फाईल स्वतःच्या कपाटात, अगदी योग्य खणात ठेवली होती. पण तीन वर्षांपूर्वी प्रबंध लिहायला घेतला तेव्हा जुनी क्लास फाईल तिने प्रबंधाच्याच फोल्डरात ठेवली होती, आणि ती तिथेच पडून होती. नाव तेच. शिपाईदादांनी आधी टेबल पाहिले, पुस्तक मिळाले, शोध थांबला. कपाट उघडण्याची वेळच आली नाही.

हे आम्हाला कळले ते लॉग फाईलमुळे. लाटेक चालवली की दर वेळी एक लॉग फाईल तयार होते. तिच्यात कोणकोणत्या फाइली कुठून उचलल्या, याची ओळीने नोंद असते. आम्ही दोघे तासभर क्लास फाईलमधील समासाचे आकडे तपासत होतो. ते बरोबरच होते, कारण आम्ही तपासत होतो ती फाईल वापरलीच जात नव्हती. शेवटी लॉग उघडला आणि सुरुवातीच्या काही ओळींतच उत्तर मिळाले. जुनी फाईल काढून टाकली, प्रबंध पुन्हा चालवला, समास ४० मिलिमीटर झाला. मुदतीच्या दिवशी दुपारी नव्या प्रती पोचल्या.

याहून सोपा एक उपायही आहे. क्लास फाईलच्या ओळखीच्या ओळीत तारीख असते, हे वर आलेच आहे. दस्तऐवजाच्या पहिल्या आज्ञेत क्लासच्या नावानंतर चौकटी कंसात आपल्याला हवी ती तारीख लिहिता येते. सापडलेली फाईल त्या तारखेपेक्षा जुनी असेल तर लाटेक तसा इशारा देते. तिने ही तारीख लिहिली असती, तर छपाईच्या आधीच पडद्यावर सूचना आली असती.

वर्गात करून पाहा

हा प्रयोग अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांना एका तासात करता येईल. 'शाळा' नावाची तीन ओळींची क्लास फाईल करा: पहिल्या ओळीत लाटेकच्या आवृत्तीची मागणी, दुसरीत क्लासचे नाव व तारीख, तिसरीत १२ पॉइंट आणि ए-४ हे पर्याय देऊन 'आर्टिकल'ला बोलावणे. चार ओळींचा एक दस्तऐवजही तयार ठेवा.

प्रथम दोन्ही फाइली एकाच फोल्डरात ठेवून चालवा. मग दस्तऐवज एकटाच दुसऱ्या फोल्डरात हलवून चालवा. मग क्लास फाईल स्वतःच्या कपाटात बसवून पुन्हा चालवा. शेवटी तिची एक प्रत दस्तऐवजाशेजारी आणा, तिच्यात १२ च्या जागी १० करा आणि चालवा. प्रत्येक वेळी आज्ञा देण्यापूर्वी विद्यार्थ्यांना भाकीत लिहायला सांगा: फाईल सापडेल का, आणि अक्षर कोणत्या आकाराचे येईल? नंतर निरीक्षण, आणि पुरावा म्हणून लॉग फाईलमधील ओळ. भाकीत चुकले तर शोधाचा क्रम पुन्हा मांडायचा. विज्ञानाची पद्धत शिकवायला परीक्षानळीच लागते असे नाही.

नाव म्हणजे वचन

या साऱ्या काटेकोरपणाचा उपयोग काय, असे कुणी विचारील. टेक लांबी मोजते ती पॉइंटच्या ६५,५३६ व्या भागात. हे अंतर सुमारे ५.४ नॅनोमीटर भरते, म्हणजे दृश्य प्रकाशाच्या तरंगलांबीच्या कितीतरी पट कमी. इतके सूक्ष्म माप डोळ्यांना दिसावे म्हणून घेतलेले नाही. सगळी मोजणी पूर्णांकांत व्हावी आणि कोणत्याही संगणकावर तोच मजकूर त्याच ठिकाणी ओळ मोडून यावा, यासाठी ते आहे. क्नुथ यांनी १९९० मध्ये टेकमध्ये यापुढे नवी वैशिष्ट्ये घालणार नाही असे जाहीर केले. तेव्हापासून फक्त चुका दुरुस्त होतात, आणि दर दुरुस्तीबरोबर आवृत्तीच्या क्रमांकात पायच्या किमतीतला आणखी एक अंक जोडला जातो. २०२१ मध्ये तो ३.१४१५९२६५३ झाला. टेकमध्ये कुणी बदल केला तर त्या आज्ञावलीला टेक म्हणायचे नाही, अशी त्यांची अट आहे. एका नावाला एकच अर्थ.

प्रयोगाचे निष्कर्ष दुसऱ्याला पुन्हा मिळाले पाहिजेत, हा विज्ञानाचा पहिला नियम. आज लिहिलेला लेख वीस वर्षांनी तसाच छापता यावा, ही त्याच नियमाची धाकटी बहीण. पण टेक कितीही स्थिर असली तरी तिच्यावरचे क्लास बदलत राहतात. म्हणून आमच्या प्रयोगशाळेत आता दोन नियम आहेत. काम चालू असताना प्रत्येक क्लासची एकच प्रत, एकाच जागी. काम संपल्यावर, जपून ठेवायच्या फोल्डरात मजकुराबरोबर वापरलेल्या क्लासची प्रत, तारखेसह. पहिल्या नियमामुळे जुनी फाईल वाटेत आडवी येत नाही, दुसऱ्यामुळे ती हवी तेव्हा हरवत नाही.

त्या विद्यार्थिनीने आपल्या प्रबंधाची जपणुकीची प्रत याच पद्धतीने ठेवली. प्रबंधाच्या शेजारी तीच, त्याच नावाची क्लास फाईल आहे. फरक इतकाच की या वेळी ती तिथे विसरलेली नाही, ठेवलेली आहे.